घसा बसलेला हॉर्न

आधी माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शाळा झाली. पाचवीला आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेले ती परत वर्गात बसलेच नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, कानाला येईल तसं लिहिते. माझी मुलगी तपासून देते, तरी राहिलेलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

ही वही माझ्या मुलीची, पूजाची. मागची पानं कोरी राहिली होती. ती मोबाईलवर लोकांचे असले अनुभव मोठ्यानं वाचते... कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या माडीवर पावलं वाजली. मी भाकरी थापत ऐकते. मला ते कधी खरं वाटलं नाही. बारा-तेरा हंगाम मी उसाच्या फडाशेजारी पालात झोपले आहे. सापाची भीती वाटायची, मुकादमाची वाटायची, भुताची कधी वाटली नाही. दमून पडलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

पण एक गोष्ट मी माझ्या कानांनी ऐकली आहे. भर दिवसा, दुपारी चार वाजता. कुणाला सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते, म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव शिरूर कासारपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. पाऊस कमी, म्हणून दर दिवाळीच्या आसपास अर्धं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. आम्हीही जायचो. ऊस भरायला ट्रक कधी येईल याची वेळ नसते. पहाटे येतो, दुपारी येतो. ड्रायव्हर लांबूनच हॉर्न देतो आणि मग सगळ्या टोळीनं हातातलं टाकून मोळ्या उचलायच्या. पण एका शिवारात चार टोळ्या असल्या की चार ट्रक येतात. आपला कुठला ते हॉर्नवरून ओळखायचं. आमच्या टोळीत हे काम माझ्याकडं होतं. बाया म्हणायच्या, "मंदाला इचारा मग उठा. तिला झोपंत बी कळतं कोणाची गाडी हाय." मी बोलायला फार कमी, पण माझे कान चांगले. हे एवढ्यासाठी सांगते की पुढं जे ऐकलं त्यात माझी चूक झाली असेल असं मला वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी पूजाच्या पप्पांनी कोयता सोडायचं ठरवलं आणि जुना ट्रक घेतला. सहा टायरचा. उमापूरच्या अलीकडं एक फाटा लागतो, त्या फाट्याजवळ वस्तीवर राहणाऱ्या अंकुशभाऊंचा तो ट्रक. त्यांच्या छातीत दुखायचं, डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. दागिने मोडले, दोन शेळ्या विकल्या, भावाकडून घेतले, असं करून आम्ही बरेच पैसे जमवले. चाळीस हजार कमी पडले. अंकुशभाऊ स्वतः गाडी आमच्या दारात सोडायला आले होते. अंगणात बाजेवर बसून चहा प्यायले.

"दत्ता, चाळीस हजाराचं टेन्शन घेऊ नको," ते म्हणाले. "हंगाम झाला की दे. तवाच गाडी तुझ्या नावावर करू. कागद-बिगद कशाला लिहायचा? मी पळून जात न्हाई आन तू बी न्हाई."

मग त्यांनी आम्हाला हॉर्न दाखवला. दोन पितळी भोंग्यांचा प्रेशर हॉर्न. एका भोंग्याला चीर गेली होती, तिच्यात त्यांनी पेंटर लोक भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरली होती. त्यामुळं त्याचा आवाज घसा बसलेल्या माणसासारखा यायचा, मागून थोडा फुसफुस.

"हा हॉर्न म्हंजी आमच्या घरी चहाची ऑर्डर," ते हसत म्हणाले. "फाट्यावर आलो की दोनदा लांब, एकदा आखूड. तेवढ्यात कौसा आधण ठेवती. मी दारात येतो तर चहाला उकळी. बावीस वर्षांत एकदा बी गार चहा प्यालो न्हाई."

त्यांनी वाजवून दाखवला. भोंऽऽ भोंऽऽ भों. पूजा कानांवर हात ठेवून पळाली.

तीन महिन्यांनी अंकुशभाऊ गेले. बसल्या जागी. पूजाचे पप्पा दहाव्याला जाऊन आले. तिथं पैशाची गोष्ट काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून काढली नाही. ते बरोबरच होतं. पण नंतरही काढली नाही.

पहिला हंगाम बरा गेला. ट्रक कारखान्याला लागला, भाडं मिळालं. चाळीस हजार डब्यात बाजूला ठेवले होते, ते माझ्यासमोरच ठेवले होते. पण कारखान्यावर नंबर लावून ट्रक उभे असतात तिथं ड्रायव्हर लोक एकमेकांची चेष्टा करतात. इतरांचे ट्रक नवरीसारखे सजवलेले आणि आमच्या गाडीचा रंग पोपडे धरून उडालेला. कुणीतरी म्हणालं, "बे दत्ता, ही गाडी चालवत आणली का ढकलत?" दुसरा म्हणाला, "हॉर्न तरी बदल की. गाडी येती का म्हातारा खोकतो, कळंना."

हे मला घरी येऊन सांगताना ते हसले होते. पण मला कळलं, ते मनाला लागलंय. या माणसानं वीस वर्षं डोक्यावर मोळी घेऊन, फळीवरून चढून दुसऱ्यांचे ट्रक भरले. पहिल्यांदा स्वतःची गाडी झाली आणि तिलाही लोक हसतात. मी त्यांना वाईट म्हणून लिहीत नाही.

एक दिवस सकाळी म्हणाले, "गेवराईला चाललो. चल, तिथं गाडीची पूजा कर."

गेवराईला रफिकभाईंचं रेडियमचं दुकान आहे. आता नुसतं रेडियम नाही, सगळ्या गाडीला वरून रंगीत कागदासारखी फिल्म चिकटवून देतात, त्याला रॅप म्हणतात. मोठमोठे गुंडाळे भिंतीला उभे केले होते. आधी गाडी साबणानं धुतात, मग थिनरनं पुसतात, जुने पोपडे घासून काढतात. मग फिल्म लावून गरम हवेच्या मशीननं शेकतात आणि प्लास्टिकच्या पट्टीनं दाबत हवेचे फुगे बाहेर काढतात. गादीवरच्या सुरकुत्या मोडाव्यात तसं. मी टायरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि एका कडेला स्टुलावर बसून राहिले.

ह्यांनी काळा रंग निवडला, न चमकणारा, आणि त्यावर भगव्या ज्वाळा. शिवाय तीन भोंग्यांचा नवा प्रेशर हॉर्न, टाकीसकट. सगळं मिळून छत्तीस हजार. ॲडव्हान्स म्हणून दहा हजार मोजून दिले. ते कुठल्या डब्यातले, मला माहीत होतं.

रफिकभाई गाडीभोवती फिरून आले. काचेच्या वर, गाडीच्या कपाळावर पिवळ्या पेंटमध्ये 'कौसल्या' लिहिलेलं होतं. तिथं ते थांबले.

"भाऊ, हे नाव कुणाचं?"

"जुन्या मालकाच्या मंडळींचं."

"त्यांना विचारलं का, झाकू म्हणून?"

"गाडी आमची हाय आता."

"गाडी तुमची. नाव तर त्यांचं हाय ना?" रफिकभाई शांतपणे म्हणाले. "आमच्या धंद्यात रिवाज हाय, भाऊ. कपाळावरचं नाव जिचं, तिच्या घरच्यांना सांगूनच झाकायचं. माझे अब्बा पेंटर होते. ते तर नारळ फोडल्याशिवाय जुनं नाव पुसायचे न्हाईत. लोक हसायचे, मौलाना, तुमचा आन नारळाचा काय संबंध? अब्बा म्हणायचे, पुढं खोबरं बी खायला मिळतं की."

हे हसले. मीही पदराआड हसले.

"आन दुसरी गोष्ट," रफिकभाई म्हणाले. "रंग बदलतोय तर आरसी बुकात बी बदलावा लागतो. बुक कुणाच्या नावावर हाय?"

हे गाडीच्या टायरकडं बघायला लागले. "अजून त्यांच्याच."

"मग आधी ते करा. न्हाईतर पहिल्याच नाक्यावर साहेब लोक तुमचा रॅप सोलून ठेवतील. मी दरवाज्यापासून सुरू करतो, कपाळ शेवटी घेतो. आठ दिवस लागतील."

त्यांनी आमच्यासमोर बॅटरी काढून दुकानात ठेवली. जुना हॉर्न खोलला आणि मला म्हणाले, "भाभी, हे घेऊन जा. पितळ हाय, भंगारात जाईल." मी तो पिशवीत घातला आणि आम्ही एसटीनं गावी परत आलो.

एसटीत मी विचारलं, "कौसाक्काचे पैसे?"

"कोणते?"

मी पिशवीतल्या हॉर्नवर हात ठेवला. मग तेच म्हणाले, "हे बघ, कागद न्हाई, काय न्हाई. अंकुशभाऊनं घरी सांगितलं असतं तर ती आत्तापस्तोर दारात आली असती. तिला म्हाईत न्हाई. आन मी काय बुडवतो का? पुढच्या हंगामाला बघू."

"आन सही?"

"तू जा. मी गेलो की पैशाची गोष्ट निघंल. बाई बाईजवळ सही करती. म्हणावं, रंग बदलायचाय, वारस म्हणून सही लागती. बास."

मला नको होतं. अनोळखी दारात जाऊन बोलायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. पण मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ हो असाच धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला गल्लीत आला. हॉर्न त्याच्यासमोर ठेवला. खरं पितळ आहे की वरून मुलामा ते बघायला त्यानं हातोडी काढली आणि माझ्यासमोर दोन्ही भोंगे चेपले. चीर होती तिथून एक भोंगा फाटला. चेपलेला हॉर्न त्यानं पोत्यात टाकला आणि मला दीड किलो लसूण दिला. लसूण बारीक होता पण चांगला होता. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी उमापूरच्या फाट्यावर उतरले. चैत्रातलं ऊन. फाट्यापासून वस्ती दिसते, मध्ये मोकळं रान. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड. कौसाक्का दारात बसून हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. पन्नाशीच्या असतील. एका डोळ्यात पांढरं आलेलं.

"कोण गं?"

"मी... गाडी घेतली ना आम्ही. दत्ताची मंडळी."

"अगं बया." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "ये, ये. सावलीला बस. पयल्यांदाच आलीस. दहाव्याला तुझा नवरा आलता, तू न्हवती. पाणी पी आधी."

मी पाणी प्यायले. पिशवीत ह्यांनी दिलेला, गाडी नावावर करायचा कागद होता. तो काढायचा आणि सांगायचं, एवढंच काम. पण त्या बोलत राहिल्या. मुलगी दिलेली आहे, जावई बरा आहे, गुडघा दुखतो, दळण आणायला शेजारच्या वस्तीवरची बाई मदत करते. मी हं हं म्हणत राहिले. मग त्या जमिनीला हात टेकून उठल्या.

"कुठं चालल्या, अक्का?"

"चार वाजत आले ना. आधण ठेवते."

मला वाटलं, माझ्यासाठी. मी म्हटलं, "राहू द्या, चहा नको."

"तू घेशीलच गं. पण आत्ता यील ना तुमची गाडी."

मला कळलं नाही. मी विचारलं, "कोणती गाडी?"

तेवढ्यात हॉर्न वाजला.

भोंऽऽ भोंऽऽ भों.

फाट्याच्या बाजूनं आला. दोनदा लांब, एकदा आखूड. घसा बसलेला, मागून फुसफुस. ती चीर मला ऐकू आली, तिच्यातून सुटणारी हवा ऐकू आली. मी उठून लिंबाखाली आले. तिथून फाटा सरळ दिसतो. रस्ता रिकामा होता. या बाजूला एक माणूस शेळ्या घेऊन बसला होता आणि एक मोटारसायकल उलट्या दिशेनं लांब चालली होती. ट्रक नव्हता. धूळही नव्हती. ट्रक गेला असता तर एवढ्या मोकळ्या रानात कोसभर दिसला असता.

भीती वाटली असं म्हणता येणार नाही. अंगावर काटाही आला नाही. हिशोब चुकल्यावर माणूस परत परत तेच आकडे बघतो तशी मी रस्त्याकडं बघत राहिले. गाडी गेवराईला, बॅटरी काढलेली. हॉर्न भंगारात, चेपलेला. त्याचा लसूण माझ्या घरी खुंटीला टांगलेला.

मागून कौसाक्का साखर टाकता टाकता बोलत होत्या. "रोज येती. कधी कधी एखादा दिवस चुकतो. मला पयल्यांदा लई रडू आलं. मग म्हणलं, दत्ता किती भला माणूस. मालकाची आठवण म्हणून फाट्यावरनं जाताना त्यांच्यावानी हॉर्न देतो. पण घरी कावून येत न्हाई गं तो? मी चहा ठेवते, वाट बघते आन मग माझी मीच पिते. लाजत असंल. तू सांग त्याला, म्हणावं ये एकदा."

मी परत येऊन बसले. त्यांनी माझ्या हातात कप दिला. घेताना थोडा चहा बशीत सांडला.

उमापूरच्या रस्त्यानं आमची गाडी सहा महिन्यांत एकदाही गेली नव्हती. ह्यांनी तो रस्ता मुद्दाम टाळला होता. गेवराईलाही वळसा घालून जायचे. हे मला माहीत होतं आणि समोर बसलेली बाई त्याच माणसाला भला म्हणत होती.

"काय काम काढलंस गं?" त्यांनी विचारलं.

मी कागद काढला. रंग बदलायचा म्हणून सांगितलं. त्यांनी हात पुसले, भिंतीतल्या देवळीतून पेन घेतला आणि म्हणाल्या, "कुठं करू?"

काही विचारलंच नाही. पेन कागदाला टेकलासुद्धा होता. मी कागद ओढून घेतला. अजूनही मला कळत नाही ते माझ्या हातून कसं झालं. निळी रेघ उमटली त्यावर.

"आधी पैसे, अक्का. मग सही."

"कसले पैसे?"

"गाडीचे. चाळीस हजार राहिलेत आमच्याकडं. भाऊ म्हणाले होते हंगामानंतर द्या. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "न्हाई. ते पैशाचं मला कधीच सांगायचे न्हाईत." आणि पेन परत देवळीत ठेवला. रागानं नाही. सवयीनं.

हॉर्नचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या मनात जो दत्ता होता तो मोडायचं धाडस मला झालं नाही, आणि गाडी नसताना काय वाजलं ते मला तरी कुठं माहीत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी कागद उघडून बघितला.

"ही रेघ कसली?"

मी सांगितलं. चाळीस हजाराचं मीच बोलून आले, हेही सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. बाजेवर बसून राहिले. मग म्हणाले, "जन्मात तोंड उघडत न्हाईस, आन उघडलंस ते तिथंच?"

"हो."

"मग आता तूच फेड."

"फेडते."

मग हॉर्नचं सांगितलं तर हसले. म्हणाले, उन्हात डोकं फिरलं तुझं, रस्त्याला पन्नास गाड्या असतात. मी म्हटलं, रफिकभाईंना फोन करा. त्यांनी केला. रफिकभाई म्हणाले, गाडी दुकानात उभी आहे, दोन्ही दरवाजे काढून ठेवलेत, बॅटरी कपाटात आहे, नवा हॉर्न अजून खोक्यातून काढलेला नाही. "कावून, काय झालं?" त्यांनी विचारलं. ह्यांनी "काय न्हाई" म्हणून फोन ठेवला.

दोन दिवसांनी हे मोटारसायकल घेऊन कुठंतरी गेले. संध्याकाळी आले तेव्हा मी विचारलं. म्हणाले, फाट्यावर साडेतीन ते पाच बसलो होतो, काहीही वाजलं नाही. "तुझे कान तपासून घे," म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. आणि रॅपचं काम पुरं झाल्यावर डब्यात उरलेले चार हजार माझ्यासमोर आणून ठेवले. "घे. तुझ्या अक्काला दे." कपाळावरचं नाव झाकलं नाही. काळ्या गाडीवर पिवळं 'कौसल्या' तसंच राहिलं. रफिकभाईंनी विचारलं तर हे म्हणाले म्हणे, राहू द्या, बरं दिसतंय.

ते खरं बोलले की काही ऐकून आले, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

पुढं दोन वर्षं मी पैसे फेडत होते. उमापूर भागात कापूस वेचायला बायांचा टेम्पो जातो, त्यात नाव घातलं. कांद्याची लागवड केली. कोंबड्या पाळल्या, अंडी शिरूरच्या बाजारात नेली. बाजारात बसून ओरडून विकणं मला जमत नाही, मी नुसती पाटी घेऊन बसायची, तरी विकली जायची. हजार झाले की हजार, दोन झाले की दोन. कौसाक्का प्रत्येक वेळी म्हणायच्या, "एवढी घाई कशाला गं," आणि प्रत्येक वेळी नोटा उलट्यासुलट्या करून बघायच्या. त्या पैशातून त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन केलं. घरावरचे दोन पत्रे बदलले.

त्यांच्याकडं बसलेली असताना मी हॉर्न आणखी दोनदा ऐकला. एकदा कापसाच्या दिवसांत, एकदा संक्रांतीच्या आधी. दोन्ही वेळा चारच्या सुमाराला. दोन्ही वेळा मी आधी कान दिला आणि मग रस्ता बघितला. दुसऱ्या वेळी तिथं ट्रॅक्टर होता, पण ट्रॅक्टरचा हॉर्न वेगळा असतो. कौसाक्कांनी कधीच बाहेर येऊन बघितलं नाही. त्यांना बघायची गरज नव्हती.

मग तो बंद झाला. मी एकदा गेले तर चार वाजून गेले तरी त्या उठल्या नाहीत. मी विचारलं, "आधण?" त्या म्हणाल्या, "आता न्हाई येत गाडी. लई दिवस झाले. दत्ताचा रस्ता बदलला काय?" कधीपासून विचारलं तर त्यांना आठवेना. होळीच्या आधी का नंतर, तेही नक्की नाही.

तेव्हा अजून अकरा हजार द्यायचे होते. हेच मला समजत नाही. तो हॉर्न पैशासाठी वाजत होता म्हणावं, तर पैसे फिटायच्या आधीच कसा थांबला? आणि पैशासाठी नव्हता म्हणावं, तर मग कशासाठी होता? नुसता चहासाठी? माझी मुलगी म्हणते, आई, आवाज मोकळ्या रानात लांबून येतो, दुसऱ्या कुठल्या तरी ट्रकचा असेल. असेल. पण बारा हंगाम मी हॉर्न ओळखण्यात घालवले आहेत. तो दुसऱ्या ट्रकचा नव्हता. एवढंच मी सांगू शकते, याच्यापुढं मला काही सांगता येत नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर हे कांद्याची गाडी पैठणला खाली करून परत येत होते. मी गेवराईला माहेरच्या कामासाठी गेले होते, मला घेतलं. केबिनमध्ये मी खिडकीशी बसले होते. गाडी शिरूरच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी उमापूरकडं वळली. मी त्यांच्याकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते.

फाट्यावर त्यांनी हॉर्न दिला नाही. सरळ वस्तीवर जाऊन लिंबाखाली गाडी उभी केली. मी उतरायच्या आधी ते उतरले, डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि दारात जाऊन उभे राहिले.

"अक्का."

"कोण हाय?"

"दत्ता. गाडीवाला."

कौसाक्का बाहेर आल्या. नवा चष्मा सारखा करून त्यांनी ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"लई दिवस लावलेस रं बाबा," त्या म्हणाल्या. "ये, बस."

हे बसले नाहीत. शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. मला माहीत नव्हतं त्यांच्याकडं एवढे आहेत ते. नंतर कळलं, दोन खेपांचं भाडं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

"अकरा हजार हायेत. बाकीचे हिनं दिलेत. मोजून घ्या, अक्का."

"तूच मोज. मी ऐकते."

मग ते ओट्यावर खाली बसले आणि मोजायला लागले. पाचशेच्या बावीस नोटा. एकेक नोट कौसाक्कांच्या पुढ्यात ठेवत, मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखं. दहाच्या पुढं त्यांचा आवाज बसला, तरी थांबले नाहीत. मी गाडीजवळच उभी होते.

"बावीस," ते म्हणाले.

कौसाक्कांनी नोटा गोळा केल्या, पदराच्या टोकात बांधल्या आणि गाठ ओढून बघितली. "झाले," त्या म्हणाल्या. "चाळीस पुरे झाले. आता आण तुझा तो कागद."